सोनोग्राफीत बाळात दोष दिसला तर: कोणत्या आठवड्यात काय करायचं आणि पोटातल्या पोटात ऑपरेशन नक्की कुणाचं होतं

आधी एक काम करा, महिन्यांचा हिशेब बाजूला ठेवा आणि आठवडे मोजायला लागा. घरात सगळे "पाचवा लागला", "सहावा संपत आला" असं बोलतात, पण फाईलवर १९ आठवडे ३ दिवस असं लिहिलेलं असतं आणि खरं चालतं ते तेच. गर्भातल्या दोषांच्या बाबतीत जवळजवळ प्रत्येक टेस्ट, प्रत्येक उपचार आणि कायदासुद्धा आठवड्यांवर चालतो. रिपोर्टमध्ये काही निघालं की आत्या-मावश्या, शेजारच्या काकू, ऑफिसातले लोक सगळे सुरू होतात, कुणी म्हणतं दुसरीकडे दाखवा, कुणी म्हणतं काही नसतं गं डॉक्टर घाबरवतात, आणि यात दोन आठवडे सहज जातात. मग जे १७व्या आठवड्यात निवांत झालं असतं ते २३व्या आठवड्यात धावाधाव करून करावं लागतं.

सुरुवातीलाच करून टाकायच्या गोष्टी

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी अनियमित असेल किंवा तारीख आठवत नसेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून तारीख पक्की होते आणि एकदा पक्की झाली की ती पुढच्या सोनोग्राफीवरून बदलत बसायची नसते. पहिली सोनोग्राफीच पाचव्या महिन्यात केली तर बाळ लहान आहे का तारीख चुकलीये हे सांगणं अवघड होऊन बसतं.

पहिल्या भेटीतल्या रक्ततपासणीत दोन गोष्टी आहेत का ते बघा. एक, रक्तगट. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तर पुढे अँटी-डी इंजेक्शनचा विषय येतो, तो खाली आहे. दुसरी, थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी एचपीएलसी टेस्ट, ही बऱ्याच ठिकाणी मागितल्याशिवाय करत नाहीत. सिंधी, लोहाणा, कच्छी कुटुंबांत थॅलेसेमियाचे वाहक (स्वतः ठणठणीत, पण आजाराचा जनुक बाळाकडे देऊ शकणारे) जास्त सापडतात आणि विदर्भात, नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे, पण "आमच्यात नसतं" म्हणून सोडू नका. आईची टेस्ट वाहक आली तर लगेच नवऱ्याची करा, पुढच्या भेटीची वाट बघू नका. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते आणि ते ११-१३ आठवड्यांतच तपासता येतं. मुंबईत केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आहे, लोक तिला एनआयआयएच म्हणतात, रक्ताच्या आनुवंशिक आजारांचं गर्भातलं निदान हे तिथलं जुनं काम आहे.

११ ते १३ आठवडे ६ दिवस: एनटी स्कॅन

हा स्कॅन याच दिवसांत होतो, नंतर नाही, म्हणून अपॉइंटमेंट आधी घेऊन ठेवा. बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराची जाडी मोजतात, नाकाचं हाड बघतात, आणि चांगला सोनोलॉजिस्ट असेल तर डोक्याची कवटी, पोटाची भिंत, हातपाय हेही बघून होतं. त्याच्यासोबत डबल मार्कर नावाची रक्ततपासणी करतात. दोन्ही मिळून डाऊन सिंड्रोमची (एक गुणसूत्र जास्त असल्याने होणारा, बुद्धीची वाढ मंदावणारा दोष) साधारण ९० टक्के बाळं हेरली जातात, म्हणजे काही सुटतात आणि काही निरोगी बाळंही उगाच यादीत येतात.

जुळं असेल तर याच स्कॅनमध्ये एक गोष्ट रिपोर्टवर लिहून घ्यायचीच: दोघांची वार (प्लॅसेंटा) एक आहे का वेगवेगळी. नंतर हे नीट कळत नाही आणि पुढचं सगळं यावर अवलंबून असतं. वार एकच असेल तर १६व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी लागते. "एवढ्या सोनोग्राफ्या कशाला, पैसे काढायचे धंदे" असं घरचे म्हणतील, म्हणू द्यात.

रिस्क १ : २०० म्हणजे काय

सगळ्यात जास्त रडारड इथे होते. एनटी-डबल मार्करच्या रिपोर्टवर लाल अक्षरात हाय रिस्क छापलेलं असतं आणि लोक बाळात दोष आहेच असं धरून चालतात. १ : २०० म्हणजे असाच रिपोर्ट आलेल्या २०० बायकांमध्ये एकीच्या बाळाला तो आजार असेल, १९९ जणींच्या नसेल. ही फक्त चाळणी आहे, निदान नाही.

चाळणीतून पुढे गेल्यावर दोन रस्ते असतात. एक एनआयपीटी, आईच्या रक्तातून होणारी टेस्ट, १० आठवड्यांनंतर कधीही. आईच्या रक्तात वारेतून सुटलेले डीएनएचे तुकडे असतात ते मोजतात. डाऊनसाठी ही फार चांगली आहे, पण बऱ्याचदा दहा हजारांच्या वर जाते आणि मुख्य म्हणजे हीसुद्धा चाळणीच, फक्त बारीक जाळीची. एनआयपीटी पॉझिटिव्ह आली म्हणून थेट गर्भपात करायचा नसतो, सुई टाकून खात्री करायचीच. दुसरा रस्ता ती सुईचीच टेस्ट.

माझं मत विचाराल तर आकडा मधला असेल, म्हणजे १ : २५० ते १ : १००० च्या आसपास, तर एनआयपीटी ठीक. पण मानेमागचं पाणी ३.५ मिलिमीटर किंवा जास्त असेल किंवा सोनोग्राफीत एखादा दोष डोळ्यांनी दिसत असेल, तर एनआयपीटीवर पैसे आणि दहा-बारा दिवस घालवण्यात अर्थ नाही. ती मोजकेच गुणसूत्रांचे दोष बघते आणि अशा बाळांत त्यापलीकडचंही निघू शकतं. सरळ सुईची टेस्ट करा आणि त्यावर गुणसूत्रांतले बारीक दोषही शोधणारी तपासणी, म्हणजे मायक्रोअ‍ॅरे सांगा.

सुईची टेस्ट

११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा घेतात, त्याला सीव्हीएस म्हणतात, आणि १५ आठवड्यांनंतर गर्भजल काढतात, म्हणजे अ‍ॅम्निओ. सोनोग्राफीवर बघत बघत पोटातून बारीक सुई जाते, १५-२० मिलिलिटर पाणी काढतात, काही मिनिटांचं काम. सुई बाळाला लागेल ही भीती सगळ्यांना असते, पण सुई कुठे आहे ते स्क्रीनवर सतत दिसत असतं. खरा धोका गर्भपाताचा, आणि सराव असलेल्या हातात तो ०.५ टक्क्यापेक्षा कमी धरतात, म्हणून त्या डॉक्टर वर्षाला अशा किती टेस्ट करतात हे विचारायला लाजू नका. रक्तगट निगेटिव्ह असेल तर त्याच दिवशी अँटी-डी घ्यायला विसरायचं नाही.

रिपोर्ट एकाच दिवशी येत नाही. डाऊन आणि आणखी काही नेहमीच्या गुणसूत्रांचा पटकन रिपोर्ट दोन-तीन दिवसांत मिळतो, कॅरिओटाइप (सगळ्या गुणसूत्रांची मोजणी) आणि मायक्रोअ‍ॅरेला दोन-तीन आठवडे लागतात. आता मागे मोजा: २० आठवड्यांना दोष दिसला, सुई २१ला, पूर्ण रिपोर्ट २३-२४ला. सुरुवातीला आठवड्यांचं एवढं का लावून धरलं ते इथे कळतं. आधी एखादं बाळ गेलेलं असेल किंवा नात्यात लग्न असेल तर ते लॅबच्या फॉर्मवर लिहायला लावा, कारण मग टेस्टच वेगळी लागू शकते.

यात मुलगा-मुलगी कळणार नाही आणि विचारूही नका. सोनोग्राफीला फॉर्म एफ आणि सुईच्या टेस्टला तुमची लेखी संमती, हे सगळं गर्भलिंगनिदानावर बंदी घालणाऱ्या १९९४च्या कायद्यामुळे आहे. आणि या कायद्याआधी महाराष्ट्राने १९८८मध्ये स्वतःचा कायदा केला होता, देशात पहिला, कारण मुंबईत त्या काळी अ‍ॅम्निओचा वापर कशासाठी चालायचा ते सगळ्यांना माहीत होतं.

१८ ते २० आठवडे: अनॉमली स्कॅन

मेंदू, पाठीचा कणा, हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडं, पोट, हातपाय, ओठ, सगळं एकेक बघतात. अर्धा तास लागू शकतो, बाळ पालथं असेल तर परत बोलावतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मधुमेह असेल, आधीच्या बाळाला हृदयाचा दोष असेल किंवा या स्कॅनमध्ये हृदयाबद्दल शंका आली तर वेगळा फीटल इको, म्हणजे बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, करून घ्या.

दिसलेल्या गोष्टीचं वजन कळणं महत्त्वाचं. हृदयात पांढरा ठिपका, मेंदूत पाण्याची छोटी गाठ, असले सॉफ्ट मार्कर, म्हणजे स्वतः दोष नसलेल्या नुसत्या खुणा, एकेकट्या दिसल्या आणि आधीची चाळणी चांगली आलेली असेल तर बहुतेक वेळा त्यांना काही अर्थ नसतो. मूत्रपिंडात थोडं पाणी बऱ्याच बाळांत दिसतं आणि आपोआप जातं. पाय वाकडा असेल तर जन्मानंतर प्लास्टर लावून पोन्सेटी पद्धतीने सरळ होतो. फाटलेला ओठ जन्मानंतर काही महिन्यांत शिवतात. यातल्या कशालाच पोटात ऑपरेशन लागत नाही. उलट आतड्याचा सुरुवातीचा भाग बंद असेल, सोनोग्राफीत पोटात दोन फुगे दिसतात, तर ऑपरेशन जन्मानंतर सोपं आहे पण अशा बाळांपैकी जवळपास एक तृतीयांश बाळांना डाऊन असतो, म्हणून सुईची टेस्ट करायची.

मोठा दोष निघाला तर त्याच आठवड्यात तीन लोकांशी बोलणं झालं पाहिजे: फीटल मेडिसिनचा डॉक्टर (पोटातल्या बाळाचा तज्ज्ञ), ज्या अवयवाचा दोष त्याचा मुलांचा सर्जन किंवा हृदयतज्ज्ञ, आणि जेनेटिक काउन्सेलर (आनुवंशिक आजारांचा सल्लागार). मुलांच्या सर्जनला लोक विसरतात, पण असली बाळं जन्मानंतर कशी वाढतात हे तोच रोज बघत असतो.

कायदा

गर्भपाताच्या कायद्यात २०२१ला झालेल्या दुरुस्तीनंतर गर्भपातासाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४मध्ये दोन डॉक्टरांचं आणि ठरलेल्या गटात बसावं लागतं, बाळातला गंभीर दोष हा त्यातलाच एक गट. २४च्या पुढे गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्ड ठरवतं. बोर्डाने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं असं नियमात आहे. संमती फक्त बाईची लागते, नवऱ्याची किंवा सासूची सही कुणी मागत असेल तर ती कायद्यातली नाही. २००८मध्ये हृदयातल्या दोषासाठी एक जोडपं मुंबई हायकोर्टात गेलं होतं, तेव्हा मर्यादा २० आठवड्यांची होती आणि कोर्टाने परवानगी नाकारली, त्यानंतर कायदा बदलायला १३ वर्षं लागली. ठेवायचं का नाही हे मात्र तुम्हीच ठरवायचं. डॉक्टरने एकच बाजू मांडली तर दुसरं मत घ्या, पण चार दिवसांत, चार आठवड्यांत नाही.

पोटातलं ऑपरेशन

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या बातम्यांमुळे असं वाटतं की आता सगळंच पोटात दुरुस्त होतं. तसं नाही. पोटातल्या बाळावर थेट उपचार पहिल्यांदा १९६३मध्ये ऑकलंडमध्ये विल्यम लायली यांनी केला, आर-एचमुळे (आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह असताना आईच्या शरीरातून येणाऱ्या प्रतिपिंडांमुळे) रक्त कमी झालेल्या बाळाला पोटातच रक्त दिलं, आणि गर्भाशय उघडून पहिलं ऑपरेशन १९८१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मायकल हॅरिसन यांच्या टीमने केलं. एवढी वर्षं झाली तरी ज्यात खरंच फायदा सिद्ध झालाय अशा गोष्टी हाताच्या बोटांवर मोजता येतात. तीन अटी लागतात: दोष असा हवा की जन्मापर्यंत थांबलं तर बाळ जाईल किंवा कायमचं नुकसान होईल, बाकी बाळ ठीक हवं, आणि आईला धोका झेपणारा हवा, कारण ऑपरेशन बाळाचं असलं तरी पोट तिचं कापलं जातं.

आर-एचसाठी रक्त देणं भारतात बरंच होतं. बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीतला रक्ताचा वेग मोजतात, तो नेहमीच्या दीडपटीच्या वर गेला की बाळाचं रक्त कमी झालंय असं समजतात आणि नाळेतून रक्त देतात, गरजेप्रमाणे पुन्हा पुन्हा. पण हे टाळण्यासारखं आहे: निगेटिव्ह आईला २८ आठवड्यांना आणि बाळंतपणानंतर ७२ तासांत अँटी-डी. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना अँटी-डीबद्दल विचारायचं, ते बहुतेक लोक विसरतात.

दुसरं जुळ्यांचं लेझर, आणि माझ्या मते सर्वसामान्य माणसाला माहीत असायलाच हवं ते हेच. एकाच वारेवरच्या जुळ्यांमध्ये १०-१५ टक्के वेळा रक्तवाहिन्यांतून एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जायला लागतं, मग एकाभोवती पाणी जवळजवळ संपतं आणि दुसऱ्याभोवती भरमसाट होतं. काही केलं नाही तर बहुतेक वेळा दोघंही जातात. साधारण १६ ते २६ आठवड्यांत आईच्या पोटातून दोन-तीन मिलिमीटरची दुर्बीण घालून वारेवरच्या जोडणाऱ्या वाहिन्या लेझरने बंद करतात. २००४मध्ये आलेल्या युरोपातल्या अभ्यासात लेझर केलेल्यांमध्ये निदान एक बाळ वाचण्याचं प्रमाण ७६ टक्के होतं, नुसतं पाणी काढलेल्यांमध्ये ५६. आईला काय जाणवतं? पोट चार-पाच दिवसांत एकदम वाढतं, ताणलं जातं, श्वास लागतो. एका वारेची जुळी असतील आणि असं झालं तर त्याच दिवशी सोनोग्राफी. "जुळं आहे, पोट मोठं असणारच" हे वाक्य फार धोक्याचं आहे.

तिसरं, पाठीचा कणा उघडा असणं, स्पायना बायफिडा. २०११च्या अमेरिकेतल्या मॉम्स अभ्यासात २६ आठवड्यांच्या आत पोटातच पाठ शिवलेल्या बाळांपैकी ४० टक्क्यांना डोक्यात शंट, म्हणजे मेंदूत साठणारं पाणी काढून टाकणारी नळी, लागला, जन्मानंतर शिवलेल्यांत ८२ टक्क्यांना, आणि अडीच वर्षांचे असताना आधाराशिवाय चालणारी मुलं ४२ टक्के विरुद्ध २१ टक्के. वाचून छान वाटतं, पण दुसरी बाजू बघा: या बाळांचा जन्म सरासरी ३४ आठवड्यांना झाला, गर्भाशयावर कापल्याची खूण राहते म्हणून आत्ताचं आणि पुढचं प्रत्येक बाळंतपण सिझेरियननेच, आणि पुढच्या वेळी गर्भाशय फाटण्याचा धोका. शिवाय मूल पूर्ण बरं होतं असं नाही, लघवी-संडासाचा त्रास बऱ्याच जणांना राहतो. भारतात हे करणारी केंद्रं मोजकीच आहेत, म्हणून २०व्या आठवड्यात निदान झालं तर जायचं का नाही हे लगेच ठरवावं लागतं.

चौथं, छातीचा पडदा अर्धवट असणं. आतडी छातीत जातात आणि फुप्फुस वाढत नाही. फारच वाईट स्थिती असेल तर २७ ते ३० आठवड्यांच्या दरम्यान बाळाच्या श्वासनलिकेत छोटा फुगा बसवतात म्हणजे फुप्फुसात पाणी साठून ते वाढतं, आणि ३४ला फुगा काढतात. २०२१मध्ये आलेल्या अभ्यासात गंभीर केसमध्ये वाचण्याचं प्रमाण १५ वरून ४० टक्क्यांवर गेलं, मध्यम केसमध्ये मात्र ठाम फायदा दिसला नाही. आणि व्यवहाराची गोष्ट: फुगा आत असताना कळा सुरू झाल्या आणि फुगा काढणारी टीम जवळ नसेल तर बाळ श्वासच घेऊ शकणार नाही, त्यामुळे तेवढे आठवडे हॉस्पिटलच्या जवळ खोली घेऊन राहावं लागतं. त्याचं भाडं, घरच्या दुसऱ्या मुलाकडे कोण बघणार, हेही आधी ठरवा.

बाळाचा लघवीचा मार्ग बंद असेल तर लघवी बाहेर गर्भजलात यावी म्हणून मूत्राशयात नळी टाकतात, त्याने फुप्फुसं वाचू शकतात पण किडनीची खात्री कुणी देत नाही. मार्च २०२३मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये पोटातल्या बाळाच्या द्राक्षाएवढ्या हृदयात फुगा फुगवून झडप उघडल्याची बातमी सगळीकडे आली होती, ते खरंच आहे, पण अशी बाळं फार निवडून घेतात. आणि कधीकधी सुईसुद्धा लागत नाही, बाळाचे ठोके फार जोरात पडत असतील तर आईला गोळ्या देऊन वारेतून बाळाला औषध पोचवतात.

ऑपरेशन सुचवलं तर विचारायचं: न करता काय होईल, इथे आत्तापर्यंत किती झाली आणि त्यातली किती बाळं आज घरी आहेत, पाणी लवकर गेलं तर काय, माझ्या पुढच्या गरोदरपणाचं काय, एनआयसीयूसकट (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) एकूण खर्च किती. उत्तरं वहीत लिहून घ्या, त्या दिवशी डोकं चालत नाही.

बाळंतपण कुठे

बहुतेक बाळांसाठी ऑपरेशनपेक्षा हा प्रश्न मोठा असतो आणि आपल्याकडे घोळ इथेच होतो. सातव्यात डोहाळजेवण झालं की मुलगी माहेरी, आणि पहिलं बाळंतपण आईकडेच. बाळाला हृदयाचा गंभीर दोष असेल, पोटाची भिंत उघडी असेल, छातीच्या पडद्याचा प्रश्न असेल, तर तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये बाळंतपण करून मग अँब्युलन्समधून बाळ नेण्यापेक्षा आईने पोटातल्या बाळासकट आधीच तिथे जाऊन राहणं कधीही बरं. काही हृदयदोषांत जन्मल्याबरोबर प्रोस्टाग्लँडिनची सलाइन लागते, ती नसेल तर पहिल्या एक-दोन दिवसांतच बाळ निळं पडायला लागतं. मुलांचा सर्जन आणि एनआयसीयू एकाच आवारात हवा, मुंबईत परळला वाडियाचं बाळंतपणाचं आणि मुलांचं हॉस्पिटल शेजारी शेजारी आहे तसं. माहेरी जायचंच असेल तर ३०-३२ आठवड्यांना जाऊन फाईल तिथल्या डॉक्टरांना दाखवून या, नववा लागल्यावर नाही.

पैशांसाठी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा, महात्मा फुले योजनेत जन्मानंतरची कोणती ऑपरेशनं बसतात ते तो सांगेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या जन्मजात दोषांवर मोफत उपचार होतात, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

बाळ गेलं तर आणि पुढच्या वेळी

त्या वेळी हे बोलणं नको वाटतं, तरी कुणीतरी एकाने लक्ष ठेवायचं. बाळाची पूर्ण तपासणी, एक्स-रे, फोटो आणि डीएनए साठवून ठेवायला सांगा. नक्की कारण कळलं तरच पुढच्या वेळी ११-१२ आठवड्यांतच तपासता येतं, नाहीतर परत २०व्या आठवड्यापर्यंत जीव टांगणीला. सगळे रिपोर्ट एका फाईलमध्ये, मोबाइलमध्ये फोटो काढून, दोघांकडेही.

आधीच्या बाळाला पाठीच्या कण्याचा किंवा कवटीचा दोष असेल तर फॉलिक अ‍ॅसिड पुढची पाळी चुकल्यावर नाही, दिवस राहायच्या आधी दोन-तीन महिने सुरू करायचं. बाकीच्यांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं, या बायकांना त्याच्या दहा-बारा पट, म्हणजे ४ ते ५ मिलिग्रॅम. नेहमीच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये एवढं नसतं, म्हणून डॉक्टरांकडून ५ मिलिग्रॅमची वेगळी गोळी चिठ्ठीवर लिहून घ्या आणि मेडिकलवाल्याने दुसरी कुठली पट्टी दिली नाही ना ते आकडा वाचून बघा.